‘तुला म्हणून सांगते’: बुद्धांची सम्मा वाचा रोजच्या बोलण्यात आणताना

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात नऊ दिवस आर्य मौन असतं. दहाव्या दिवशी सकाळी ते सुटतं. मी पहिल्यांदा गेले होते तेव्हा मौन सुटून दहा मिनिटंही झाली नसतील, आम्ही चौघीजणी झाडाखाली उभ्या राहून पाचवीच्या घोरण्याबद्दल बोलत होतो. ती बिचारी हाकेच्या अंतरावर पाणी पीत होती. नऊ दिवस जीभ दावणीला बांधून ठेवली होती. दावं सुटलं आणि ती आपल्या नेहमीच्या शेतात जाऊन चरायला लागली.

घरी आल्यावर ठरवलं, आजपासून कुणाबद्दल काही बोलायचंच नाही. सोमवारी सुरुवात केली. बुधवारी नवऱ्याने विचारलं, “काही बिनसलंय का?” गुरुवारी नणंदेचा फोन आला आणि पाऊण तास मी धाकट्या जावेचं सगळं पुराण लावलं. शुक्रवारी निश्चय संपला.

पुढे विनयपिटकातल्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या, महावग्गात एक प्रसंग वाचला आणि माझं कुठे चुकलं ते कळलं. कोसल देशात काही भिक्खू वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या मुक्कामाला, एकत्र राहिले. भांडणतंटा नको म्हणून त्यांनी आपसात ठरवलं, तीन महिने कुणी कुणाशी बोलायचंच नाही. भिक्षेहून जो आधी येईल त्याने आसनं मांडायची, पाणी भरायचं; घागर एकट्याला उचलेना तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवायचं. वर्षावास संपल्यावर ते श्रावस्तीला बुद्धांच्या भेटीला गेले आणि हे कौतुकाने सांगितलं. बुद्धांनी त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. गुरं एकत्र राहावीत, मेंढरं एकत्र राहावीत तसे राहिलात आणि वर सुखाने राहिलो म्हणता! असं मूकव्रत घ्यायचं नाही, असा नियम त्यांनी तिथेच घातला. याच प्रसंगातून पवारणेची प्रथा सुरू झाली. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खूने संघापुढे बसून म्हणायचं: माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, किंवा नुसती शंका आली असेल, तर अनुकंपेने मला सांगा, मला ते दिसलं की मी दुरुस्त करीन. पाळी भाषेतले शब्द आहेत ‘दिट्ठेन वा सुतेन वा परिसङ्काय वा’.

पाहिलेलं, ऐकलेलं आणि शंका आलेलं. चहाडीचा कच्चा माल नेमका हाच तर असतो. बुद्धांनी तो फेकून द्यायला सांगितला नाही. ज्याचा आहे त्याच्यासमोर, त्यानेच विचारलेल्या वेळी ठेवायला सांगितला. पुढचं सगळं या एका धाग्यावर ओवलेलं आहे: पाठीमागे बोलत असलेली गोष्ट एकतर समोर न्यायची, नाहीतर सोडून द्यायची.

आधी प्रकार ओळखून घ्या

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या घराघरांत पंचशील म्हटलं जातं. त्यातलं चौथं शील ‘मुसावादा वेरमणी’, म्हणजे खोटं बोलण्यापासून दूर राहणं. बहुतेकांची गाडी इथेच थांबते. बुद्धांच्या अष्टांगिक मार्गातली सम्मा वाचा, म्हणजे योग्य बोलणं, मात्र चार गोष्टी टाळायला सांगते: मुसावाद, पिसुणा वाचा (चहाडी), फरुसा वाचा (कठोर बोलणं) आणि सम्फप्पलाप. खोटं आणि कठोर बोलणं आपलं आपल्याला कळतं. घोळ होतो तो उरलेल्या दोघांत.

पिसुणा वाचेची सुत्तांमधली, म्हणजे बुद्धांच्या प्रवचनांमधली, व्याख्या फार नेमकी आहे. इथे ऐकलेलं तिथे सांगायचं, यांच्यात फूट पडावी म्हणून. तिथलं ऐकलेलं इथे सांगायचं, त्यांच्यात फूट पडावी म्हणून. या व्याख्येत ‘खोटं’ हा शब्द कुठेही नाही. “मी काय खोटं बोलले का?” हा आपला ठेवणीतला बचाव इथे चालत नाही. सांगितलेली गोष्ट शंभर टक्के खरी असली तरी ती चहाडी असू शकते. आपण कान भरतो, काड्या लावतो, ते बहुधा खऱ्याच गोष्टींच्या जिवावर.

किंबहुना बोललेल्या शब्दांत वाईट काही नसलं तरी चालतं. महापरिनिब्बान सुत्तावरच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या भाष्यात, वस्सकाराची हकिकत आहे. मगधच्या अजातशत्रूला वज्जींचं गणराज्य हवं होतं, पण तिथले लिच्छवी एकजुटीचे; लढून ते हाती लागणारे नव्हते. मग वस्सकार नावाच्या अमात्याला हाकलून दिल्याचं नाटक केलं गेलं आणि तो वैशालीत आश्रयाला गेला. तिथे तो काय करायचा? एका लिच्छवीला बाजूला घ्यायचा आणि हळूच विचारायचा, “लोक शेत नांगरतात ना?” तो म्हणायचा, “हो, दोन बैल जुंपून नांगरतात.” बस, एवढंच. मग दुसरा विचारायचा, “काय म्हणत होते अमात्य?” पहिला खरं तेच सांगायचा. दुसऱ्याला पटायचं नाही: एवढ्यासाठी कुणी बाजूला घेतं का? तीन वर्षांत अशी वेळ आली की दोन लिच्छवी एका रस्त्याने जाईनात, आणि नगरीवर हल्ला आल्याची नौबत वाजली तेव्हा कुणी घराबाहेर पडलं नाही. नुसतं बाजूला घेऊन कुजबुजणं पुरलं. ऑफिसच्या पॅसेजमध्ये दोघांनी आवाज खाली करून बोलणं बाकीच्यांना काय करतं, ते आठवून पाहा.

सम्फप्पलाप म्हणजे वायफळ बडबड. सुत्तांमध्ये भिक्खूंनी टाळायच्या गप्पांची एक मोठी यादी पुन्हा पुन्हा येते, आणि ती वाचताना हसू येतं, कारण ती जशीच्या तशी आपली आहे. त्यात विसिखाकथा आहे, म्हणजे गल्लीबोळातल्या गप्पा. कुम्भट्ठानकथा आहे, म्हणजे पाणवठ्यावरच्या गप्पा. आपण त्याला नळावरच्या गप्पा म्हणतो. या नळाचा दोष नेहमी बायकांच्या माथी मारला जातो. पण यादी सुरू कुठून होते ते पुरुषमंडळींनी जरूर बघावं: राजकथा, चोरकथा, महामात्यकथा, सेनाकथा, भयकथा, युद्धकथा. हा तर थेट पानटपरीवरचा आणि रात्री नऊच्या टीव्हीवरचा कार्यक्रम झाला.

मग संसारी माणसाने गप्पाच मारू नयेत का? मला तसं वाटत नाही. यादी भिक्खूंना सांगितलेली आहे आणि तिच्यात नातेवाइकांच्या गोष्टीही येतात. चुलत्याची तब्येत विचारणं सोडून दिलं तर घर चालायचं नाही. आपल्याला उपयोगी आहे तो याच संदर्भात येणारा दुसरा शब्द: निधानवती वाचा, जपून ठेवावंसं वाटेल असं बोलणं. रात्री झोपताना दिवसभरातल्या बोलण्यातलं एखादं वाक्य तरी पेटीत ठेवण्याजोगं निघालं का, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

पहिला आठवडा: काही बदलू नका, मोजा

पहिल्याच दिवशी सुधारायला गेलात तर माझा गुरुवार होईल. म्हणून पहिले सात दिवस फक्त मोजा. उजव्या खिशात दहा-पंधरा हरभरे टाका. जो माणूस समोर नाही त्याच्याबद्दल उणं बोललात की एक हरभरा डाव्या खिशात. साडीला खिसा नसतो, तेव्हा पर्सचे दोन कप्पे. मनातल्या मनात आकडा धरू नका. मन आपल्या बाजूने हिशेब करतं.

उणं कशाला म्हणायचं असा प्रश्न पडेल. काही वाक्यं ऐकू आली की हरभरा हलवायचा, मग पुढे काहीही येवो: “तुला म्हणून सांगते.” “माझं नाव घेऊ नकोस हं.” “मला काय त्याचं, पण...” “तसा तो माणूस चांगला आहे, पण...” “बिचारीचं वाईट वाटतं हो.” हे शेवटचं सगळ्यात फसवं. कणव म्हणून सुरू होतं आणि बिचारीच्या घरातलं भांडं न् भांडं चावडीवर येतं.

संध्याकाळी दोनच ओळी लिहा: किती हरभरे हलले आणि ते कुणाबरोबर असताना हलले. माझ्या पहिल्या आठवड्याच्या वहीत सत्तर टक्के नोंदी दोनच माणसांबरोबरच्या होत्या. दोन्ही माझी आवडती माणसं. आमच्याकडे एकमेकींना सांगण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं, हे वहीने दाखवलं. चहाडी हे कधीकधी जवळीक टिकवण्याचं सर्वात स्वस्त साधन असतं. तिसऱ्याला वाईट ठरवलं की आपण दोघं आपोआप एका बाजूला येतो. हे दिसल्याशिवाय ती सवय सुटत नाही.

धम्मपदात म्हटलंय की माणूस दुसऱ्यांचे दोष भुसा उफणावा तसे वाऱ्यावर उधळतो आणि आपले दोष लपवतो. ज्यांनी खळ्यावर उफणणी पाहिली आहे त्यांना या उपमेचं बळ कळेल. भुसा वाऱ्याबरोबर लांब जातो, शेजारच्याच्या अंगणात पडतो, आणि गोळा करून परत आणता येत नाही.

दुसरा आठवडा: दाराकडे बघा

बोलण्याच्या पाच कसोट्या सुत्तांत दिल्या आहेत. योग्य वेळी बोललेलं, खरं, मृदू, हिताचं आणि मैत्रीच्या चित्ताने बोललेलं. विहारातल्या प्रवचनात या पाच कसोट्या छान वाटतात. पण डबा खाताना जिभेच्या टोकावर वाक्य आलेलं असताना पाच प्रश्न कोण विचारतो? तोवर वाक्य बाहेर पडून समोरचा “काय सांगतेस!” म्हणून मोकळा झालेला असतो.

म्हणून मी एकच प्रश्न ठेवला: ज्याच्याबद्दल बोलतेय तो माणूस आत्ता या दारातून आत आला, तर मी हे वाक्य आहे तसं पूर्ण करीन का? उत्तर ‘हो’ असेल तर बोलावं. ‘नाही’ असेल तर तिथेच थांबावं, अर्धं वाक्य तसंच सोडून. अर्धवट सोडलेलं वाक्य विचित्र दिसतं हे खरं. “जाऊ दे, मला नीट माहीत नाही” एवढं म्हणून पाणी प्यावं.

या कसोटीला पाळीत आधार आहे. मज्झिम निकाय या सुत्तसंग्रहातल्या अरणविभङ्ग सुत्तात ‘रहोवाद’ हा शब्द येतो, म्हणजे आडून, पाठीमागे बोलणं. आणि गंमत म्हणजे तिथे त्यावर सरसकट बंदी नाही. खोटं आणि अहिताचं असेल तर कधीच नको. खरं पण अहिताचं असेल तर ते न बोलण्याचा सराव करावा. खरं आणि हिताचंही असेल तर वेळ ओळखून बोलावं. तोंडावरच्या कडक बोलण्यालाही हेच तीन निकष लावले आहेत. डॉक्टर मुलाला बाहेर थांबवून आईवडिलांशी बोलतात तोही रहोवादच, पण हिताचा.

याच सुत्तात आणखी एक बारीक सूचना आहे: सावकाश बोलावं, घाईने बोलू नये. घाईने बोलणाऱ्याचं शरीर थकतं, चित्त विचलित होतं, आवाज बिघडतो, घसा धरतो आणि बोलणं अस्पष्ट होतं. चहाडी जवळ आली की मला पहिली खूण शरीरातच मिळते. आपण थोडे पुढे झुकतो, आवाज खाली येतो आणि वेग वाढतो. वेग वाढला की मुद्दाम हळू बोला. हळू बोललेली चहाडी फार बेचव लागते, करून बघा.

समोरचा सांगत असेल तेव्हा

हा भाग सर्वात अवघड. आपली जीभ आपल्या ताब्यात येते एकवेळ, पण मावशीचं काय करायचं? एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: उपदेश करायचा नाही. “आम्ही बौद्ध आहोत, आम्ही चहाडी ऐकत नाही” असं म्हणणाऱ्या माणसाबद्दल पुढच्या घरात काय बोललं जातं, ते मी ऐकलेलं आहे.

माणूस पाहून वाक्य वापरावं लागतं. मैत्रीण असेल तर सरळ म्हणता येतं, “अगं, हे तिलाच सांग ना. हवं तर मी येते बरोबर.” निम्म्या वेळा विषय तिथेच संपतो, कारण तिला सांगायचं नसतंच. मोठ्या बाईला, “मावशी, तुम्ही तिला विचारलंत का हो?” हा प्रश्न अदबीत बसतो. साहेब चौकशी करत असतील तर “सर, मला त्यातलं खरंच माहीत नाही” एवढंच, आणि पुढे कामाचा विषय.

सासूबाई शेजारणीबद्दल बोलायला लागल्या की मी एक वेगळा मार्ग धरते. “आई, त्यांनी परवा लोणचं पाठवलं होतं ना, त्यांचा डबा द्यायचा राहिलाय.” विषय तोच, माणूस तोच, दिशा वेगळी. पिसुणा वाचा सोडणाऱ्याचं वर्णन सुत्तांत पुढे असं येतं: तो फुटलेल्यांना जोडणारा असतो, जोडलेल्यांना बळ देणारा असतो. म्हणजे नुसतं न बोलून भागत नाही. जो माणूस समोर नाही त्याच्याबद्दलचं एखादं चांगलं, खरं वाक्य बोलायला शिकावं लागतं. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, कारण पाठीमागे चांगलं बोलायची आपल्याला सवयच नसते.

कुणी थेट विचारलंच तर? अंगुत्तर निकायात सत्पुरुषाची लक्षणं आहेत. तो दुसऱ्याचे दोष विचारल्यावरही सांगायला पुढे होत नाही. आणि खोदून विचारलं तर सांगतो, पण हात राखून, तपशिलात न शिरता. स्वतःचे दोष मात्र न विचारता सांगतो. त्याच सुत्तात नव्या नवरीची उपमा आहे. घरात नुकतीच आलेली सून सुरुवातीला सासूसासऱ्यांसमोरच नाही, तर घरातल्या नोकरांसमोरही संकोचाने वागते. पुढे सरावली की त्याच सासूला “चल हो, तुला काय कळतं” म्हणते. बुद्ध भिक्खूंना सांगतात, त्या पहिल्या दिवसांतल्या नवरीसारखं मन ठेवा. ऑफिसात आपण पहिल्या महिन्यात कसे जपून बोलत होतो, ते आठवलं की ही उपमा लगेच पोचते.

मोबाइलबद्दल थोडक्यात. ज्या ग्रुपमधून एका माणसाला वगळून दुसरा ग्रुप केलेला आहे, तो ग्रुप सोडा. स्क्रीनशॉट पाठवू नका. ‘इथलं ऐकून तिथे सांगणं’ याचं आजचं रूप तेच आहे. आणि आवाजाचा मेसेज रेकॉर्ड करण्याआधी तो माणूस ऐकतोय असं धरून चाला, कारण कधी ना कधी तो ऐकतोच.

बोलावंच लागतं तेव्हा

या विषयावर बोलताना मला सर्वात जास्त भीती एकाच गोष्टीची वाटते: ‘निंदा करू नये’ हे वाक्य पीडितांचं तोंड बंद करायला वापरलं जातं. घरात मार खाणाऱ्या सुनेला सांगितलं जातं, चारचौघांत घरचं बोलू नये. ऑफिसातल्या मुलीला सांगितलं जातं, कशाला कुणाबद्दल वाईट बोलतेस. ही सम्मा वाचा नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सम्यक वाचा समजावताना स्पष्ट म्हटलं आहे की ती भीतीपोटी किंवा कुणाची मर्जी राखण्यासाठी पाळायची नाही. वरचा कोण काय म्हणेल, आपलं काय नुकसान होईल, याचा विचार तिच्यात येऊ नये.

तक्रार आणि चहाडी यांत फरक कसा करायचा? मी एवढंच बघते: ज्याला सांगतेय तो याबाबत काही करू शकतो का? त्रास देणाऱ्या वरिष्ठाबद्दल कॅन्टीनमध्ये सहा जणींना सांगून काही होत नाही. तीच गोष्ट अंतर्गत समितीकडे लेखी गेली तर होतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे ही समिती असावीच लागते. सोसायटीच्या हिशेबात गडबड वाटत असेल तर जिन्यात बोलू नका, सर्वसाधारण सभेत विचारा. मनावरचं ओझं हलकं करायला एखाद्या जवळच्या माणसाशी बोलणं, हेही मला चहाडीत बसत नाही. मात्र तो माणूस एक असावा, आणि दर आठवड्याला वेगळा नसावा.

अभय राजकुमाराची गोष्ट इथे उपयोगी पडते. त्याने बुद्धांना विचारलं, तुम्ही कधी कुणाला न आवडेल असं बोलता का? त्याच्या मांडीवर एक तान्हं बाळ होतं. बुद्धांनी उलट विचारलं, या बाळाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? तो म्हणाला, काढीन. एका हाताने डोकं धरीन आणि बोट वाकडं करून काढीन, रक्त आलं तरी, कारण मला त्याची दया येते. खरं आणि हिताचं असेल तर न आवडणारं बोलणंही तथागत वेळ पाहून बोलतात, असं पुढे उत्तर आहे. बोट वाकडं करायचं ते खडा काढण्यापुरतं, एवढं मात्र ध्यानात ठेवावं.

समोर जाऊन सांगणं

पाठीमागचं समोर न्यायचं तर आधी मनात पाच कसोट्यांची उजळणी करा. दुसऱ्याची चूक दाखवताना भिक्खूने याच पाच गोष्टी मनाशी धराव्यात असं सांगितलेलं आहे. इथे घाई नसते, त्यामुळे पाचही वापरता येतात. वेळ: लग्नघरात नको, जेवताना नको, तो थकून आलेला असताना नको. खरं: फक्त स्वतः पाहिलेलं सांगा, “सगळे म्हणतात” हे दोन शब्द गाळा. मृदू. हिताचं. मैत्रीचं चित्त नसेल तर त्या दिवशी जाऊच नका.

आणि नाव ठेवू नका, घटना सांगा. बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींतल्या नन्दिविसाल जातकात तक्षशिलेचा एक ब्राह्मण हजाराची पैज लावतो की माझा बैल शंभर भरलेल्या गाड्या ओढेल. बैल तयार असतो. पण ऐन वेळी ब्राह्मण ओरडतो, “चल रे लबाडा!” बैल चारी पाय रोवून उभा राहतो आणि पैज जाते. घरी आल्यावर बैलच विचारतो, मी कधी तुझं भांडं फोडलं, कधी लबाडी केली? पुढच्या वेळी दोन हजारांची पैज आणि ‘भद्रा’ अशी हाक, गाड्या हलतात. “तू कामचोर आहेस” म्हटलं की माणूस पाय रोवतो. “मंगळवारची फाइल माझ्याकडे गुरुवारी आली, मला साहेबांपुढे उभं राहावं लागलं” म्हटलं तर काहीतरी हलायची शक्यता असते.

घसरलात तर

घसराल. राहुलला, स्वतःच्या मुलाला, बुद्धांनी जो उपदेश केला त्यात हे गृहीतच धरलेलं आहे. आरसा कशासाठी असतो, त्यांनी विचारलं. बघण्यासाठी, राहुल म्हणाला. तसंच वाणीचं कर्म करण्याआधी बघ, करताना बघ, केल्यावरही बघ. करताना दिसलं तर तिथेच थांब. केल्यावर दिसलं तर शास्त्यापुढे, म्हणजे गुरूपुढे, किंवा जाणत्या सोबत्यापुढे उघड कर आणि पुढे सांभाळ. खोटं बोलण्यासंबंधीचा राहुलला केलेला हा उपदेश सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात नाव घेऊन नमूद केला आहे, आणि भिक्खू-भिक्खुणींबरोबर उपासक-उपासिकांनीही तो वारंवार ऐकावा असं लिहून ठेवलं आहे. म्हणजे तो आपल्यासाठीही आहेच.

दुरुस्तीचा क्रम मात्र चुकू देऊ नका. ज्यांच्याकडे बोललात त्यांच्याकडे आधी जा: “काल मी वहिनींबद्दल बोलले ते मला पुरतं माहीत नव्हतं. पुढे कुणाला सांगू नकोस.” लाज वाटते, आणि ती वाटलेली बरी. ज्याच्याबद्दल बोललात त्याच्याकडे जाऊन कबुली द्यायची का? गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली असेल किंवा त्याचं नुकसान झालं असेल तर जरूर. त्याला काहीच ठाऊक नसताना “मी तुझ्याबद्दल असं असं बोलले, माफ कर” म्हणणं, हे माझ्या मते स्वतःचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणं आहे.

आणि बोलणं तुमच्याबद्दल चाललं असेल तर? बुद्धांचीही यातून सुटका झाली नव्हती. ‘उदान’ या पाळी ग्रंथात सुन्दरी नावाच्या परिव्राजिकेची, म्हणजे भटक्या संन्यासिनीची, हकिकत आहे. विरोधकांनी तिला मारून बुद्धांच्या जेतवन विहाराच्या खंदकात पुरलं, मग स्वतःच शोधून काढलं आणि श्रावस्तीभर भिक्खूंवर आळ घेत फिरले. लोक भिक्खूंना शिव्या द्यायला लागले. बुद्धांनी सांगितलं, हा आवाज फार दिवस टिकणार नाही, सात दिवस टिकेल आणि जाईल. भिक्खूंना उत्तरादाखल म्हणायला एक गाथा दिली. दारोदार खुलासे नाहीत, उलट आरोप नाहीत. माझ्या अनुभवात सात दिवस थोडे कमी पडतात. पण एकदा, थोडक्यात, खरं काय ते सांगून टाकायचं आणि मग उत्तर देणं बंद करायचं, हे जमलं की बोलणाऱ्यांची मजा निघून जाते. गप्प बसलं तरी निंदा होते, फार बोललं तरी होते, मोजकं बोललं तरी होते, असं अतुल नावाच्या उपासकाला सांगितलेलं धम्मपदात आहेच.

घरातली पवारणा

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. दोन वर्षांपासून त्या रात्री आम्ही घरी जेवणानंतर पवारणेसारखं काहीतरी करतो. विधी वगैरे काही नाही. टीव्ही बंद. प्रत्येकाने आपल्या पाळीला म्हणायचं, “माझं काय चुकलं ते सांगा.” ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, खुलासा करायचा नाही, फक्त ऐकायचं. सांगणाऱ्याने एकच गोष्ट सांगायची, स्वतः पाहिलेली. सुरुवात घरातल्या मोठ्या माणसापासून करायची, म्हणजे लहानांना धीर येतो.

पहिल्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी तशी निर्धास्त होते. तोवर हरभरे दिवसाला दोन-तीनवर आले होते. सातवीतली मुलगी थोडा वेळ बोटांशी चाळा करत बसली. मग म्हणाली, “आई, तू फोनवर मावशीला माझे मार्क सांगतेस. आणि मी रडले तेही सांगतेस. मी आतल्या खोलीत असते, मला ऐकू येतं.”

उत्तर द्यायचं नाही हा नियम मीच केला होता. गप्प बसले. त्या अख्ख्या वर्षात मुलीबद्दल बोललेल्या गोष्टींचा एकही हरभरा मी कधी हलवला नव्हता.